ग्रहाचा दिवस ग्रहालाच ठरवू द्या

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. खेळ अंतराळातला, ग्रहाचा दिवस 31 तासांचा, आकाशात दोन चंद्र. आणि रोजचे बक्षीस मात्र पहाटे साडेपाचला रीसेट होते. का, तर त्या वेळी यूटीसीचे शून्य वाजतात. ग्रहावर भर दुपार असो की मध्यरात्र, सर्व्हरची तारीख उलटली की वसाहतीतले पीक तयार, बाजारभाव बदललेले, शत्रूची जहाजे हजर. त्या क्षणी हे जग खोटे असल्याचे खेळाडूला कळते आणि तो चिडतो. त्याचे बरोबर आहे.

हा निव्वळ आळस आहे. परीक्षणासाठी येणाऱ्या बिल्डमध्ये आजही 32 बिटांच्या फ्लोटमध्ये डेल्टा टाइम मिळवत जाणारे घड्याळ सापडते. सेकंदाला 60 फ्रेमच्या गतीने हे घड्याळ आठवडा पुरा व्हायच्या आत थांबते, कारण मिळवायची रक्कम इतकी लहान पडते की बेरीज जागची हलत नाही. टेस्टर दोन तास खेळतो, त्याला हे कधीच दिसत नाही. दुसरा दोष ऑफसेटच्या रकान्यात. तो पूर्ण तासांचाच ठेवलेला असतो, आपला अर्धा तास आणि नेपाळचा पाऊण तास त्यात मावत नाही, आणि इव्हेंट अर्ध्या तासाने चुकतो. भारतीय प्रमाणवेळ 1906 साली आली. इथल्या स्टुडिओने अजूनही असा रकाना ठेवणे अक्षम्य आहे.

या ढिगात वडखळच्या एका तरुण वाचकाचे पत्र वेगळे निघाले. त्याच्या खेळातले बंदर एका चंद्राच्या भरती-ओहोटीवर चालते आणि सूत्र त्याने घरातूनच उचलले आहे. धरमतरच्या खाडीत डोलवीच्या कारखान्याचा कोळसा आणि खनिज घेऊन येणाऱ्या बार्ज भरती बघून वर येतात. खाडीकाठची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अपोलो बंदरापेक्षा खाडीत आत पाणी उशिरा चढते, तेव्हा ज्या त्या धक्क्याचा फरक वेगळा मिळवायचा. उधाण कधी आणि भांग कधी, तेही तिथीच सांगते.

यात आपल्या कामाचे सगळे आहे. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले 12 अंशांचे अंतर. म्हणून ती कधी 19 तासांची, कधी 26 तासांच्या पुढे. तिचा क्षय होतो, वृद्धीही होते. पंचांगातला काळ ग्रहगोलांच्या स्थितीवरून निघतो. खेळातही तसाच काढा. 64 बिटांच्या पूर्णांकात एक क्षण साठवा. त्यावरून कोन, कोनावरून दिवस, भरती, ग्रहण. सेव्ह फाइलमध्ये एकच आकडा राहील, आणि खेळाडू वर्षभराने परतला तरी आकाश जागेवर सापडेल.

चांद्रयान-3 ने हेच दाखवले. विक्रम 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी उतरला ही नोंद आपल्या वेळेची. पण काम चालले चंद्राच्या दिवसावर. तिथली रात्र जवळ येताच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला निद्रावस्थेत ठेवावे लागले. नोंदीची वेळ एक, जगण्याची वेळ दुसरी, आणि दोघींमधला हिशेब चोख.

ज्यांना एकच वेळ ठेवायची आहे त्यांनी ती उघड ठेवावी. ईव्ह ऑनलाइनचे सारे विश्व यूटीसीवर चालते आणि ते लपवले जात नाही. मोठ्या लढाईत सर्व्हरला भार झेपेना की तिथला काळ मूळ गतीच्या 10 टक्क्यांपर्यंत मंद होतो. जानेवारी 2014 ची बी-आर-5-आर-बीची लढाई अशाच मंद काळात 20 तासांहून अधिक चालली. खेळाडूंनी ते मान्य केले, कारण नियम सर्वांना ठाऊक होता आणि सर्वांना सारखाच होता.

आता सरकारविषयी. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2025 मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा काढला. कायदेशीर, प्रशासकीय, व्यापारी व्यवहार एकाच वेळेवर आणण्याचा त्याचा हेतू बँका आणि वीजजाळ्यासाठी योग्यच आहे. त्यात सवलत आहे ती खगोलशास्त्र, नौकानयन, वैज्ञानिक संशोधन यांना, तीही परवानगी घेऊन. मग ज्या खेळात पैसे देऊन जहाज विकत मिळते, त्यातले घड्याळ व्यापारी धरायचे की काल्पनिक? दोन माणसांच्या स्टुडिओने 31 तासांच्या दिवसासाठी दिल्लीला अर्ज करायचा का? विभागाने एका वाक्यात खुलासा करावा: पावती प्रमाणवेळेत, खेळ त्याच्या स्वतःच्या वेळेत. आणि आपल्यापैकी किती जणांनी मसुद्यावर हरकत पाठवली? झोपून राहायचे आणि नियम आल्यावर ओरडायचे, ही सवय आता सोडा.

प्रत्येक स्टुडिओने आपल्या खेळाचे एक पानी काळपत्रक लिहावे. आरंभक्षण कोणता, साठवण किती बिटांची, ग्रहाचा दिवस केवढा, रीसेट कोणत्या घड्याळावर, सर्व्हर बंद पडला तर काळ थांबतो की चालतो, एवढी पाच उत्तरे पुरेत. वडखळचा एकटा मुलगा हे करू शकतो, तर पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांना कसली अडचण? पुढच्या अंकापासून काळपत्रकाशिवाय आलेल्या खेळाचे परीक्षण आम्ही छापणार नाही.