ओठ हलतात तोवर

संक्रांतीला कर्नाटकात, बीदरजवळच्या भालकीला ताईकडे गेलो, तेव्हा दाजींच्या आडतीत तुरीची रास पडली होती आणि भाचा काट्यापाशी पावत्या लिहीत बसला होता. माझा चहा संपायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, आणखी एक चान्स मारू का?"

कॅटचं, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेशपरीक्षेचं स्कोअरकार्ड होतं. 24 नोव्हेंबरला परीक्षा, 19 डिसेंबरला निकाल, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गणितात 93 पर्सेंटाइल, डेटा-लॉजिकमध्ये 88, इंग्रजीत 58. एकूण 84. म्हणजे धड पास म्हणता येईना, धड नापासही.

आमच्या भागात रिपीट करणं कुणाला नवं नाही. बीदर घ्या नाहीतर लातूर, नीटच्या रिपीटरांवर गल्ल्याच्या गल्ल्या जगतात. खोल्या, मेस, झेरॉक्सवाले, सगळे. डॉक्टर व्हायचं म्हणून पोरगं दोन वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलं तर पाहुणे कौतुक करतात. एमबीएसाठी बसलं की तेच पाहुणे विचारतात, "बी.कॉम. झालंय, आडत आहे, आता आणखी काय?" ताईला तीच धास्ती. वर्ष वाया जाईल, गॅप दिसेल, सोयरिकीत लोक विचारतील. भाच्याचं एकच पालुपद, "त्या दिवशी पेपरच अवघड होता."

पेपर सगळ्यांनाच अवघड असतो. म्हणून तर पर्सेंटाइल देतात.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं समजू नका. बँकेची परीक्षा मी तीनदा दिली. पहिल्यांदा पडलो, नशिबाला बोल लावला, त्याच गाइडमधून तोच अभ्यास केला आणि दुसऱ्या वर्षी बरोबर त्याच जागी पडलो. का पडलो हे बघायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा भाच्याला हो किंवा नको म्हणण्याआधी तो नेमका कुठे पडला ते बघायचं ठरवलं.

आडतीतच एक इंग्रजी पेपर पडला होता. त्यातला पाचेकशे शब्दांचा अग्रलेख त्याला दिला आणि घड्याळ लावलं. मनातल्या मनात वाच म्हटलं. तो वाचू लागला आणि त्याचे ओठ हलू लागले. मध्येच थांबायचा, मागच्या ओळीवर जायचा. साडेसात मिनिटं. "काय करत होतास?" म्हटलं, तर म्हणाला, "मनात मराठी करत होतो."

हाच पोरगा काट्यावर औरादच्या शेतकऱ्याशी मराठीत, हुमनाबादच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये आणि हमालांशी दखनीत एका दमात बोलतो. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, शिवाय शाळेत कन्नड. इंग्रजी त्याची चौथी भाषा. ती त्याने परीक्षेपुरती पाठ केली, वाचली कधी नाही.

आता हिशेब बघा. कॅटमध्ये इंग्रजीचे 24 प्रश्न, वेळ 40 मिनिटं. वेळ संपली की तो विभाग बंद, मागे फिरता येत नाही. त्यातले 16 प्रश्न चार उताऱ्यांवर. नुसतं वाचण्यातच साडेसात मिनिटं गेली तर चार उताऱ्यांत अर्धा तास संपला, उत्तरं द्यायची कधी? शिवाय आयआयएम एकूण पर्सेंटाइल बघून थांबत नाहीत, प्रत्येक विभागाची अट वेगळी. गणितातले 93 इंग्रजीच्या 58 ला झाकत नाहीत. तीस मॉक दिल्या होत्या म्हणे. आणखी तीस दिल्या असत्या तरी ओठ हललेच असते.

दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पावसाने दडी मारली म्हणून पेर मोडली तर दुबार पेरतो आपण. बियाणंच उगवलं नसेल तर आधी बियाणं बघतो की."

आणि काही गोष्टी दुसऱ्यांदा बसूनही बदलत नाहीत. दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कांना आयआयएममध्ये वजन असतं, ते तसेच राहणार. बदलू शकतो तो नोकरीचा अनुभव, आणि तो घरी बसून येत नाही. एमबीएसाठीच्या दुसऱ्या परीक्षेचं, जीमॅटचंही त्याचं विचारून झालं होतं. तो स्कोअर 5 वर्षं चालतो, 16 दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी डॉलरमध्ये. ती ऐकून दाजी पुन्हा गप्प झाले.

एक दार मात्र त्याच्या लक्षात नव्हतं. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत. इंग्रजीचे प्रश्न 50, म्हणजे चौथा हिस्सा, आणि वेगळी अट नाही. आपल्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना तिथल्या प्रवेशाच्या नियमांत महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून जागा आहे. सीमाप्रश्नाने आमच्या दोन पिढ्यांना मोर्चे दिले. या पोराला निदान एक फॉर्म भरायला दिला. जमनालाल बजाजसारख्या ठिकाणी 99 च्या पुढचाच भाव चालतो, हेही त्याला सांगितलं. खोटी आशा कशाला लावा?

मग ठरलं ते असं. एप्रिलच्या सुरुवातीला सीईटी द्यायची. एका सीएच्या ऑफिसात बोलणं झालंय, तिथे महिनाअखेरीपासून कामाला लागायचं. संध्याकाळी आडतीत बसायचं नाही, ही अट ताईने घातली. रोज एक अग्रलेख, मराठी न करता. आणि नव्या मॉकला तोवर हात लावायचा नाही, जोवर जुन्या तीस उघडून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहून होत नाही.

कॅटची नोंदणी ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते. जुलैच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा भालकीला जाणार आहे, घड्याळ घेऊन. फॉर्म भरायचा की नाही ते तेव्हा ठरेल.