घर उकलताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जुने घर उकलतात. आधी कवेलू उतरवून त्यांची थप्पी लावायची, फुटके बाजूला काढायचे. मग फाटे, मग मयाली म्हणजे तुळया, शेवटी चौकटी आणि दारे. चुलीच्या धुराने दोन पिढ्या काळवंडलेली सागवानी मयाल वाकसाने जरा तासली, की आतून पिवळीधमक निघते. तीच नव्या घरात चढायची. भिंतीची माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंतीला लागायची. घर लहान असे, पण त्यातले फारसे काही वाया जात नव्हते.

आता सरकारी घरकुल मंजूर झाले, की हे सागवान मिळेल त्या भावाने विकले जाते आणि त्या पैशांतून सळई येते. शहरात त्याच लाकडाचे झोपाळे आणि टेबले हौसेने घेतली जातात. ज्याच्या आज्याने ती मयाल चढवली, तो मात्र मे महिन्यात, पारा 44 अंशांवर गेला असताना, स्लॅबखाली झोप येत नाही म्हणून अंगणात बाज टाकतो.

हे योजनेच्या नियमाने घडते असेही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 चौरस फुटांचे. ते लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदाराला देऊ नये, स्थानिक साहित्य वापरावे, असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात. पक्के घर म्हणजे नीट निगा राखली तर निदान 30 वर्षे टिकेल असे घर. दोन पिढ्या टिकलेली मयाल या कसोटीला सहज उतरते. पण हप्ता अडकू नये म्हणून जो तो शेजाऱ्यासारखाच साचा उचलतो.

कुडाच्या घराचे गोडवे गाणाऱ्याने पावसाळ्यातली एक रात्र तिथे काढावी. पऱ्हाटीच्या कुडाला शेणामातीचा गिलावा देऊन केलेली भिंत उन्हाळ्यात सुखाची, पण तिला वाळवी लागते, फटीतून साप येतो, ठिणगी पडली तर सारे जाते. पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, आईला पक्की भिंत हवी आहे, आणि तो तिचा हक्क आहे. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांना घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. प्रश्न एवढाच, की पक्क्या भिंतीसाठी घरचे लाकूड आणि हातचे कसब मोडीत का काढावे? पाया दगडाचा, भिंत विटेची, वर जुन्या सागवानावर कवेलू, असे घर पक्केही होते आणि थंडही राहते. लाकूड घरचेच असले, तर नवे झाडही तोडावे लागत नाही.

वाट दाखवणारे शेजारीच आहेत. सेवाग्रामची आदि निवास आणि बापू कुटी ही माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंची घरे आजही उभी आहेत. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानदार छते बांधून दाखवली.

पांढरकवडा आणि पुसदच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयांनी असे एकेक नमुना घरकुल उभारावे. जुन्या मयालींवर छत घातले म्हणून कोणाचा हप्ता अडणार नाही, हे पंचायत समितीच्या अभियंत्याने ग्रामसभेत उभे राहून सांगावे. गवंड्यांच्या प्रशिक्षणात गावच्या सुतारालाही बसवावे. आणि हे सारे उन्हाळ्याआधी व्हावे, कारण घरे उकलायची ती उन्हाळ्यातच. एकदा गाडीत भरून गेलेली मयाल परत येत नाही.