घास अडतो तेव्हा

आपल्या बेटावरच्या कितीतरी मराठी घरांतला मुलगा, पुतण्या किंवा जावई आज दुबईत नाही तर अबू धाबीत नोकरीस आहे. आठवड्याचा फोन येतो. आई विचारते, 'जेवलास का रे?' तो म्हणतो, 'जेवलो.' कसा जेवला, हे कुणी विचारीत नाही.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी स्नायूंची नळी. आत गाठ वाढू लागली तरी ती बराच काळ घास खाली ढकलीत राहते. म्हणून अडखळ जाणवते तेव्हा नळी पुष्कळशी बुजलेली असते. आधी कोरडा फराटा अडतो, मग भात, मग पेज, अखेर पाणीसुद्धा. माणूस मात्र जुळवून घेतो. फराटा डाळीत भिजवितो, घासागणिक पाणी पितो, वजन उतरले की उन्हाळ्याला दोष देतो. आखातात हे कारण सर्वांना पटते!

दुसरी समजूत अधिक घातक आहे. 'व्हिसाच्या तपासणीत पास झालो, मग मला काय होणार?' ती तपासणी एचआयव्ही, क्षय अशा संसर्गजन्य रोगांसाठी असते. रक्त घेतात, छातीचा एक्स-रे काढतात. अन्ननलिकेत कोणी डोकावत नाही.

तंबाखू आणि दारू ही या कर्करोगाची जुनी कारणे. तंबाखूच्या पानविड्यानेही तो होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदविले. दुबईत पान विकण्यास बंदी आहे, पण शौकिनाला ते सापडतेच. याच संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयेही बहुधा धोकादायक ठरविली. कडक चहा घशाखाली ओतणाऱ्यांनी तो जरा निवू द्यावा. चहा सोडा, असे आम्ही म्हणत नाही.

घास अडला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. आम्लपित्ताने नळी आखडते; कधी तिचे खालचे तोंड सैल होत नाही. पण हे दुखणे वर्षानुवर्षे राहिले तर त्यातूनही कर्करोगाचा धोका वाढतो. खरे काय ते दुर्बिणीने पाहून, तुकडा तपासूनच कळते. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाने नोकराचा आरोग्यविमा काढणे बंधनकारक झाले, आणि जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडील अमिरातींतही. साध्या विम्यात आधी नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, एवढेच. रजा मागितली तर नोकरी जाईल, ही भीती आम्ही जाणतो. पण मुले नेमकी तिच्याचमुळे गप्प बसतात, आणि बोलते करण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

येत्या फोनवर आईने एवढे विचारावे : कोरडा फराटा पाण्यावाचून उतरतो का? पट्टा किती भोके आत गेला? दोन-तीन आठवडे घास अडत असेल, तर पुढच्या सुट्टीत घरी येईपर्यंत थांबू नये. चिठ्ठी तिथेच घ्यावी, याच आठवड्यात.