शब्दांची उठाठेव : फोर्ज



उन्हाळी सुटीत आपल्या मराठी शाळेची मुले शेफील्डचे अ‍ॅबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेट पाहून आली. पूर्वी तिथे गवत कापायची लांब पाती घडवत. पाणचक्कीवर चालणारे अवाढव्य घण अजून जागेवर आहेत. परतताना बसमध्ये आमच्या चिरंजीवांनी विचारले, “बाबा, फोर्ज म्हणजे लोहारशाळा ना? मग आईची सही फोर्ज करतात ती कशी?” (हा प्रश्न त्याला का पडला, याचा तपास चालू आहे.)

मूळ शब्द लॅटिन, ‘फाब्रिका’, कारागिराची कामाची जागा. तो फ्रेंचमधून येताना फोर्ज झाला. आधी हाताने घडवणे, मग मनाने रचणे, शेवटी खोटे रचणे. इंग्रजीला हसायला नको. दागिन्याची बनावट सुरेख असते आणि नोटही बनावट असते! आपले ‘घडवणे’ मात्र अजून निर्मळ राहिले आहे.

आता थोडे रसायनशास्त्र, सवय जात नाही. लोखंड वितळते १५३८ अंश सेल्सियसला, पण लोहार ते वितळू देत नाही. लालपिवळे होईपर्यंत तापवले की ते मऊ होते आणि घणाखाली आकार घेते. ऑक्सिजनने धरलेली काळी पापडी घावागणिक झडते. मग पोलादाला पाणी पाजले की ते कठीण होते, पण ठिसूळही; म्हणून पुन्हा बेताने शेकावे लागते. यात घाई चालत नाही.

घाई आम्ही केली. दिवाळी अंकासाठी ‘माझी आजी’ हा निबंध आला, त्यात आजी ‘वात्सल्याची मूर्ती’ होती आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. संपादक मंडळाने कौतुक केले तेव्हा आम्ही खाली पाहत होतो. निबंध आमच्या चिरंजीवांच्या नावावर होता; लिहिला होता आम्ही, रात्री साडेअकराला, तो झोपल्यावर. बनावट माल!

तो परत घेतला. चिरंजीव तीन रविवार खोडरबर झिजवत बसले. हाती आले ते असे : “माझी आजि फोनवर ओरडते. तिला वाटते मी लांब आहे म्हणुन ऐकू येत नाही. मी पण ओरडतो.” तसेच छापत आहोत, ऱ्हस्व-दीर्घासकट.

निबंधांची मुदत दोन आठवडे वाढवली आहे. ज्या पालकांना आपले पाकीट परत हवे असेल त्यांनी रविवारी चहाच्या टेबलापाशी भेटावे. कारण विचारणार नाही.