सूत्रधार नव्हे : एका खेळाच्या बाजूने, आणि थोडे विरोधातही

मराठीच्या प्राध्यापकांनी रविवारची दुपार कशी घालवावी याविषयी अद्याप कोणतेही शासकीय परिपत्रक निघालेले नाही. या सवलतीचा लाभ घेऊन आम्ही दोघे गेली तीन वर्षे बोईसरला एका स्नेह्याच्या रिकाम्या गाळ्यात पाच-सहा आजी-माजी विद्यार्थ्यांना जमवतो आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मराठीतून खेळवतो. पालघरहून शटलने येणारे दोघे, मोखाड्याकडची एक, तळासरीकडचा एक आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा एक ऑपरेटर, असा हा मेळा. रात्रपाळी करून आलेला ऑपरेटर पहिला अर्धा तास डुलक्या घेतो. त्या अर्ध्या तासात त्याचा योद्धाही छावणीत झोपलेला असतो, असा आमचा संकेत आहे.

ही गोष्ट फुटली आणि एका चर्चासत्राच्या चहापानात आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी निकाल दिला : ‘संहिता नाही, लेखक नाही, उरते काय? पोरखेळ.’ पोरखेळ या शब्दाला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पहिल्या दोन विधानांना, कारण ती मराठीच्या अध्यापकाच्या तोंडी शोभत नाहीत.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो. एकजण गेम मास्टर होतो. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ खेळाडू सांगतील ते करतात. कृतीचे फळ अनिश्चित असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात, जिंकणे-हरणे नाही. कथा मात्र महिनोन्‌महिने चालते.

आता संहितेविषयी. दशावताराची संहिता आमच्या स्नेह्यांनी कोणत्या ग्रंथालयात पाहिली आहे? कोणते आख्यान लावायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो आणि बाकी सारे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. समोरच्याने अनपेक्षित वाक्य टाकले तर त्यावर उत्तर सुचलेच पाहिजे. तिथे पाठांतर कामाला येत नाही. तमाशातला वगही दीर्घकाळ असाच चालला. त्यांच्यावर आपण प्रबंध लिहितो, ‘मौखिक परंपरा’ या सदराखाली त्यांना अभ्यासक्रमात जागा देतो. म्हणजे अडचण संहिता नसण्याची नाहीच. अडचण अशी की एखादी मौखिक कला मरणपंथाला लागल्याखेरीज तिला आपल्या विभागात प्रवेश मिळत नाही, आणि ही तर गाळ्यात बसून, चिवडा खात, धडधाकट जिवंत आहे.

अद्भुताशी असलेले आपले वैरही जुनेच. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुताने भरलेला असताना आपण त्याला विधेचे बालपण ठरवून मोकळे झालो आणि वास्तववादाच्या आगमनाने मुलगा वयात आला असे पुढच्या पिढ्यांना शिकवले. आम्हीही शिकवले. वीस वर्षे तेच टिपण वापरले, हे कबूल करतो.

दुसरा मुद्दा लेखकाचा. गेम मास्टरसाठी ‘सूत्रधार’ हा प्रतिशब्द सुचवणारे पुष्कळ भेटतात. शब्द गोड आहे, पण चुकीचा आहे. संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो. गेम मास्टरला शेवटपर्यंत बसून स्वतःच्या कल्पनेची मोडतोड पाहावी लागते. शिवाय सूत्रे हातात असल्याचा जो भाव त्या शब्दात आहे, तोच या खेळातला सर्वांत मोठा दोष आहे. कथेचा शेवट मनात ठरवून खेळाडूंना त्या दिशेने ढकलत नेणारे गेम मास्टर असतात. वर्गात कवितेची ‘मध्यवर्ती कल्पना’ आधी फळ्यावर लिहून मग विद्यार्थ्यांना मत विचारणारे अध्यापक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे ढकलणे वेगळे समजावून सांगायला नको.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही समुद्रकाठी एक ड्रॅगन बसवला होता. त्याच्या विषाने खाडी काळी पडते, मासळी मरते, कोळीवाडा उपाशी राहतो. नवापूरच्या समुद्रात कारखान्यांचे सांडपाणी जाते हे ठाऊक असलेल्या कोणालाही रूपक कळावे, इतके ते ढोबळ होते. अपेक्षा अशी की वीर गुहेत शिरतील, ड्रॅगनला मारतील, टाळ्या. गुहेच्या तोंडाशी ऑपरेटरने विचारले, ‘सर, गावातली किती माणसं याच्याकडे कामाला आहेत?’ आमच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही गडबडून म्हणालो, निम्मी असतील. ‘मग मारला तर त्यांचा पगार कोण देणार?’ पुढचे चार रविवार तलवार उपसली गेली नाही. वाटाघाटी झाल्या, कोळ्यांत आणि गुहेतल्या कामगारांत भांडणे झाली, एक करार झाला, तो मोडला. आमचे रूपक तर कधीच वाहून गेले, आणि आम्ही एकट्यांनी लिहिले असते त्याहून कितीतरी खरे काही त्या गाळ्यात बोलले गेले. ते कोणाचे होते? लेखक शोधणाऱ्यांनी जरूर शोधावा.

फाशाबद्दलही एक कबुली. गेम मास्टरसमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्याच्यामागे तो स्वतःचे फासे टाकतो. एकदा एका विद्यार्थिनीचे लाडके पात्र मरू नये म्हणून आम्ही आडोशामागे पडलेले वीसचे दान सात म्हणून सांगितले. तिच्या ते लक्षात आले. ती इतकेच म्हणाली, ‘मला वाचवायचं होतं तर फासा टाकला कशाला?’ फाशाची खोटी दाने म्हटले की आपल्याकडे शकुनी आठवतो आणि हेतू दुष्ट असतो असे गृहीत धरले जाते. सद्हेतूने केलेली लबाडीही समोरच्याचे स्वातंत्र्य तितकेच हिरावते, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते. तेव्हापासून आडोसा काढला आहे.

इथवर आम्ही खेळाचे वकील होतो. आता फिर्याद.

या खेळाचे भक्त त्याच्या तयार जगांविषयी जे भाबडे प्रेम बाळगतात, ते आम्हाला मान्य नाही. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही गायगॅक्सने लिहिलेली १९७९ ची प्रसिद्ध साहसकथा घ्या. असंख्य खेळाडूंनी पहिले धडे तिच्यावर गिरवले. सरहद्दीवर किल्ला, किल्ल्यात सुसंस्कृत माणसे. पलीकडे रान, रानातल्या गुहांत ऑर्क, गॉब्लिन इत्यादींच्या टोळ्या. त्यांच्या बायकामुलांचीही गुहागणिक मोजदाद दिलेली. वीरांनी किल्ल्यातून निघावे, गुहेत शिरून मारावे, धन आणावे. आम्ही दुसऱ्या वर्षी हाच आराखडा उचलला. किल्ला तारापूरचा केला, रान पूर्वेकडचे. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला, त्या लढाईत बाजी भीवराव पडले. हा इतिहास हाताशी असल्याने वातावरण झकास जमले. तिसऱ्या रविवारी तळासरीच्या विद्यार्थ्याने पात्राचा कागद उलटा ठेवला. रागावला नव्हता. म्हणाला, ‘सर, पूर्वेकडच्या रानात तर आम्ही राहतो.’

यावर ‘अरे, हा तर खेळ आहे’ हे उत्तर आमच्याही ओठांवर आले होते. पण त्याच आठवड्यात वर्गात आम्ही गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ शिकवत होतो. १९४५ च्या मे महिन्यात झरीला जमलेल्या हजारो वारल्यांनी बारा आणे मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवणार नाही असे ठरवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात जेठ्या गांगड आणि इतर आदिवासी मारले गेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’बद्दल सोमवारी बोलायचे आणि रविवारी रानातल्या टोळीचे धन लुटायला निघायचे, हे एकाच माणसाला कसे जमावे? आम्हाला दोन वर्षे सहज जमले होते. अद्भुत वाङ्मय निरुपद्रवी करमणूक असते असे मानणाऱ्या आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांचे आणि त्याच्या भक्तांचे इथे विलक्षण एकमत होते, आणि दोघेही चुकतात.

प्रकाशक कंपनीलाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. ऑर्कसारख्यांना जन्मजात दुष्ट रंगवणे आम्ही बदलू, असे तिने २०२० मध्ये जाहीर केले. २०२४ च्या नियमपुस्तकातून ‘रेस’ हा शब्द जाऊन तिथे ‘स्पीशीज’ आला. आम्हाला हा बदल अपुरा वाटतो. किल्ला कोणाचा आणि रान कोणाचे, ही मांडणी तशीच राहते. शब्द बदलून काम भागवण्याच्या कलेत आपणही कमी नाही म्हणा.

मग आम्ही काय केले? आधी एक नवी चूक. रानाला ‘न्याय’ द्यायचा म्हणून स्थानिक दैवते आणायचे ठरवले. मोखाड्याकडची विद्यार्थिनी बोहाड्याविषयी भरभरून बोलली : रात्रभर संबळ-सनईवर नाचणारे देवदानवांचे मुखवटे, आणि कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे याचा ठरलेला मान. आम्ही अधाशासारखे टिपून घेतले. पुढच्या रविवारी उत्साहाने वाघ्याचे, वारल्यांच्या वाघदेवाचे, टिपण करून नेले. खेळाच्या रिवाजाप्रमाणे शक्ती, चपळता, चिलखत असे रकाने भरले होते. तळासरीच्या विद्यार्थ्याने कागद हातात घेतला, शांतपणे वाचला आणि विचारले, ‘वाघ्याला हिट पॉइंट किती देणार, सर?’

हिट पॉइंट म्हणजे किती घाव बसल्यावर तो मरेल, तो आकडा.

कागद आम्ही परत घेतला. वाघ्या आता आमच्या खेळात नाही. रानातले लोक आहेत. त्यांच्या वतीने बोलायचे काम आम्ही सोडले असून ते तळासरीचा विद्यार्थी करतो, म्हणजे त्या भागात गेम मास्टर तोच असतो आणि आम्ही दोघे पात्रे घेऊन समोर बसतो. आमच्यापैकी एकाचा मांत्रिक दुसऱ्याच सत्रात नदी ओलांडताना वाहून गेला. फासा सर्वांसमोर पडला होता, तक्रारीला जागा नव्हती. सध्या आवणीचे दिवस आहेत, दोघे घरी गेले आहेत, त्यामुळे तीन रविवार गाळा बंद आहे. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांना नवरात्रानंतरच्या एखाद्या बैठकीचे निमंत्रण दिले आहे. त्यांनी पात्राचे नाव मात्र आत्ताच कळवले आहे.