खोलीची चावी दिली, डिपॉझिटचे काय?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: करार संपल्यावर अडकून पडणारे डिपॉझिट आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999

महोदय,

किरायेदारांच्या निवेदनांवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर सरकतो. शासनाकडे टेबलांची कमतरता नसल्यामुळे हे पत्र उघडच लिहावे लागत आहे. मुद्दा एकच आहे. मुदत संपूनही किरायेदाराने खोली सोडली नाही तर त्याचे काय करायचे, हे आपल्या कायद्याने दरासकट लिहून ठेवले आहे. पण त्याने वेळेवर खोली सोडली, चावी हातात दिली आणि घरमालकाने डिपॉझिट दाबून ठेवले, तर काय करायचे? इथे तोच कायदा मूग गिळून बसतो.

हा अधिनियम 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसेन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकाला त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्याही झिजवाव्या लागत नाहीत; त्याचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट चालतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे किरायेदाराला मान्य आहे असे धरले जाते. आता हिशेब मांडू. किराया महिना 4,000 आणि डिपॉझिट 20,000 रुपये धरा. किरायेदार तीन महिने अडून बसला तर 24,000 रुपये देणे लागतो. मालक 20,000 रुपये तीन महिने, सहा महिने, वर्षभर अडवून बसला, तर कलम 24 मध्ये त्याला दंड शून्य, व्याज शून्य. रक्कम परत करण्याची मुदत लिहिलेली नाही, डिपॉझिट किती घ्यावे याला कमाल मर्यादा नाही, आणि झटपट निकालाचा तो दरवाजा फक्त मालकाच्या अर्जासाठी उघडतो. याला समतोल म्हणायचे असेल तर तराजूचे दुसरे पारडे मंत्रालयात कुठे ठेवले आहे, तेही एकदा दाखवावे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी या खाणगावात हे शून्य कुणाच्या वाट्याला येते? वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे) क्वार्टर कंपनीच्या कामगाराला. ठेकेदाराकडे खाणीत राबणारा, कोळशाच्या ट्रकवर काम करणारा, ठेका संपला की पुढच्या गावी जाणारा माणूस किरायाच्या खोलीत राहतो. पुढच्या खोलीचे डिपॉझिट भरायला त्याला मागचे डिपॉझिट त्याच दिवशी हातात हवे असते. खुल्या खाणींच्या या पट्ट्यात चुन्याची भिंत धुळीने काळवंडते, ब्लास्टिंगच्या हादऱ्याने गिलाव्याला तडे जातात. खोली सोडताना ‘रंगरंगोटी आणि दुरुस्ती’ या नावाखाली डिपॉझिटला कात्री लागली, तर खाणीने केलेली झीज किरायेदाराच्या खिशातून भरून निघते. कापलेल्या पैशांची पावती द्यावी, असे बंधन कुठे आहे?

यावर ठरलेले उत्तर येते, की कोर्ट आहे. आहे ना, दावा लावायला तीन वर्षांची मुदतही आहे. पण 20,000 रुपयांसाठी वकिलाची फी, कोर्ट फी आणि प्रत्येक तारखेला बुडणारी हजेरी यांची बेरीज केली, तर जिंकूनही माणूस हरतो. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढे ऐकून परतावे लागते. शिवाय 1999 चा अधिनियम राज्यभर सरसकट लागू नाही. तो अनुसूचीतल्या आणि अधिसूचित भागांपुरता आहे. बाकी गावांत 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्यात महिनेवारी भाडेकरूला काढायला 15 दिवसांची नोटीस आहे, डिपॉझिटचा शब्दही नाही. आपल्या गावाला कोणता कायदा लागतो, हे ठेक्यावरच्या कामगाराने राजपत्र चाळून ठरवावे, अशी अपेक्षा दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इथला घरमालकही काही धनदांडगा नाही. निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या काढणाऱ्याला घर बळकावले जाण्याची भीती असते. ती भीती खरी आहे. कलम 24 तिच्यासाठीच आहे, आणि ते रद्द करा असे इथे कुणी म्हणत नाही. पण प्रामाणिकपणे खोली सोडणाऱ्याचे पैसे बुडवल्याने ती भीती कशी कमी होते? उलट डिपॉझिट मिळेल याची खात्री नसेल, तर किरायेदार शेवटचे पाच महिने किराया थकवून ते वळते करून घेणार. मग मालक वीज-पाणी तोडायला निघतो. मुदत संपलेल्या लायसेन्सधारकालाही कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच कृष्णा राम महाळे प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे कायद्यातल्या या मौनाची किंमत शेवटी मालकही मोजतो.

केंद्राच्या मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. तो काही किरायेदारांचा लाडका कायदा नाही. मुदतीनंतर न निघणाऱ्यावर त्यात पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट किराया आहे. तरीही त्याने राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा घातली, आणि वजावट करून उरलेली रक्कम ताबा घेतानाच परत करायला सांगितले. वरच्या उदाहरणात 20,000 चे 8,000 झाले असते. कठोर कायद्यालाही जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घाला. ताबा घेताना दोघांच्या सह्यांनिशी खोलीची पाहणी, आणि वापरातली झीज वगळून केलेल्या प्रत्येक वजावटीची पावती सक्तीची करा. उरलेली रक्कम मालकाने त्याच दिवशी द्यावी, असे बंधन घाला. न दिल्यास मालकाकडूनही दुप्पट वसूल करा. किरायेदाराचा अर्जही सक्षम प्राधिकाऱ्यापुढे चालू द्या, आणि हे सगळे माजरीसारख्या प्रत्येक खाणगावाला अधिसूचनेने लागू करा. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 ने करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकून कसुरीला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. त्याखाली आजवर किती घरमालकांवर कारवाई झाली, तो आकडाही जाहीर करा. मालकासाठी ‘दुप्पट’ हा शब्द आपल्या विधिमंडळाला केव्हाच सापडला. किरायेदारासाठी तो सापडायला आणखी किती वर्षे लागतील, हे लेखी कळवावे.

माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर) येथील किरायेदारांच्या बाजूने