कुकर तीन लिटरचा की पाच?

मे महिना उजाडला की आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी वजनकाटा बाहेर येतो. २३ किलोच्या दोन बॅगा, थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्यांवर तीन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या. परवा शनिवारी खालच्या मजल्यावरची मुलगी आली. हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केली, आता ऑगस्टमध्ये अमेरिकेला एमएसला निघालीय. मी तिकडे शिकून परत आलेला, त्यामुळे सोसायटीत या विषयातला तज्ज्ञ वगैरे मीच. हातात चार पानी यादी, आणि पहिला प्रश्न, "काका, कुकर तीन लिटरचा नेऊ की पाच?"

म्हटलं, तीन. पाचचा कुठली तरी रूममेट आणतेच. मग सहज विचारलं, "कर्ज किती काढलंस?"

"चाळीस लाख."

"हप्ता किती बसणार?"

"ते... बाबांनी बघितलंय."

कुकरच्या लिटरपर्यंत विचार केलेल्या हुशार मुलीला हप्ता माहीत नव्हता. आणि ती एकटीच अशी आहे असं नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सल्ला मागायला जेवढी पोरं आली, त्यातल्या बहुतेकांचं हेच. म्हणून या वीकांताला हा विषय.

आधी आकडे. चार सेमिस्टरचा कोर्स, दर सेमिस्टरला दहा लाख उचलले. व्याज १०.५ टक्के धरू. कोर्सची दोन वर्षं आणि वर सहा महिने हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. पहिल्या दहा लाखांवर तीस महिने, दुसऱ्यावर चोवीस, मग अठरा, मग बारा. सरळव्याजानेसुद्धा ७ लाख ३५ हजार होतात. मधे काही भरलं नाही, तर हप्ता चाळीस लाखांवर नाही, ४७ लाख ३५ हजारांवर बसतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ६४ हजार, आणि एकूण परतफेड जवळजवळ ७७ लाख. हे काही रॉकेट सायन्स नाही, एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

मी तिला दुसरा प्रश्न विचारला, "आत्ता हातात पगार किती येतो?" पंचावन्न हजार. तिसरा प्रश्न, "बाबा रिटायर कधी होतायत?" पुढच्या वर्षी. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा बाबांना रिटायर होऊन दीड वर्ष झालेलं असेल, आणि कर्जावर सहअर्जदार म्हणून सही त्यांची. तारण काय, हे मी विचारलं नाही. मी उभा होतो त्याच बिल्डिंगमधला फ्लॅट असणार.

माझं मत स्पष्ट आहे. परदेशी शिकायला जाण्याची खरी तयारी म्हणजे परत यावं लागलं तर काय, याचा हिशेब. डिग्री मिळाली, तिकडे नोकरी नाही मिळाली आणि पुण्यात परत आलो, तर पुण्याच्या पगारातून हा हप्ता जाईल का? जात असेल तर बिनधास्त जा. जात नसेल तर कर्ज कमी करा, युनिव्हर्सिटी बदला, एक वर्ष थांबून पैसे साठवा. पण "सगळ्यांना मिळते, मलाही मिळेल" या एका वाक्यावर आईबापाचं घर लावू नका.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी २००० साली गेलो तेव्हा सीनियर सांगायचे, डिग्रीच्या आधीच दोन ऑफर खिशात असतात. २००२ च्या मे महिन्यात माझी डिग्री झाली. तोपर्यंत डॉट-कॉमचा फुगा फुटला होता आणि ११ सप्टेंबर २००१ होऊन गेलं होतं. ओपीटी तेव्हा १२ महिन्यांचंच. त्यातले सात महिने मला एक मुलाखत मिळाली नाही. २००३ मध्ये परत आलो. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. बाबा एका शब्दानेही कधी बोलले नाहीत. फक्त रिटायर झाल्यावर त्यांनी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं. फोनवर म्हणायचे, घरी बसून कंटाळा येतो रे. त्यांना कंटाळा येत नव्हता हे मला फार उशिरा कळलं. ज्या महिन्यात कर्ज संपलं, त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी ते काम सोडलं.

आता नियम माझ्या वेळेपेक्षा बरे आहेत, काही बाबतीत कडकही आहेत. पण ते नीट वाचणारे कमी. मला महत्त्वाचे वाटतात ते मुद्दे सांगतो:

१. आय-२० नीट वाचा. त्यावरचा खर्चाचा आकडा पूर्ण डिग्रीचा नसतो. किती महिन्यांचा ते तिथेच लिहिलेलं असतं, कधी बारा, कधी नऊच. बरेच जण तोच आकडा एकूण खर्च समजून बसतात.

२. कॅम्पसवरच्या कामावर फी काढू नका. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. त्यात किराणा निघतो, फार तर भाडं. पत्र हातात येईपर्यंत असिस्टंटशिपही हिशेबात धरायची नाही. आणि बाहेरच्या दुकानात रोखीने काम करायचं कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. पकडलं गेलं तर व्हिसाच जातो.

३. सीआयपी कोड बघा. ओपीटी १२ महिन्यांचं, पण स्टेम विषयांना पुढे २४ महिने मिळू शकतात. कोर्स स्टेममध्ये बसतो की नाही हे नावावर ठरत नाही, आय-२० वरच्या कोडवर ठरतं. मॅनेजमेंट आणि अॅनॅलिटिक्सच्या कोर्सेसमध्ये हा घोळ खूप होतो. शिवाय त्या २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफाय मध्ये नोंदलेली लागते.

४. ९० दिवस लक्षात ठेवा. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मी सात महिने बसलो होतो, आज तेवढे दिवस बसताच येणार नाही. म्हणजे नोकरी शोधायची सुरुवात शेवटच्या सेमिस्टरला नाही, पहिल्याच वर्षी.

५. एच-१बी गृहीत धरू नका. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वेगळे २० हजार. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून निवड होते. त्यात नियम तुमचा कोर्स संपायची वाट बघत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्या आदल्या महिन्यात जी मुलं विमानात बसली, त्यांच्या एक्सेलमध्ये हा आकडा कुठून असणार?

६. दात आणि चष्मा इथेच उरका. स्टुडंट इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा दोन्ही नसतं. अक्कलदाढ दुखत असेल तर जूनमध्येच काढा. मुद्दा छोटा आहे, पण तिकडे याच कामात एक महिन्याचा हप्ता सहज जातो.

७. व्याज तरी दरमहा भरा. कोर्स चालू असताना घरून व्याज भरत गेलं तर ते वरचे सात लाख साठतच नाहीत. मात्र चौथा टप्पा उचलल्यावर हे व्याज महिन्याला ३५ हजार होतं. ते कोण भरणार आणि कुठून, हे जायच्या आधी बोला, नंतर व्हॉट्सअॅपवर नको.

आता कुणी म्हणेल, एवढा विचार केला तर माणूस घरातून निघायचाच नाही. मला हे पटत नाही. मी गेलो याचा मला आजही पश्चात्ताप नाही. जे शिकलो, ज्या लोकांत राहिलो, त्यावर माझं पुढचं सगळं करिअर उभं आहे. पश्चात्ताप एवढाच आहे की निघण्याआधी एका संध्याकाळी बाबांसमोर बसून "परत यावं लागलं तर काय करायचं" हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीही विचारला नाही. त्यांना वाटलं मुलाचा उत्साह जाईल, मला वाटलं त्यांना काळजी वाटेल. आपल्या घरांत पैशाबद्दल असंच असतं, एकमेकांना जपता जपता कुणीच काही बोलत नाही. हिशेब मांडल्याने माझ्या वेळची मंदी टळली नसती हे खरं. पण कदाचित मी कमी फीची युनिव्हर्सिटी निवडली असती, आणि बाबांनी दोन वर्षं कमी हिशेब लिहिले असते.

अजून एक. ज्यांना परत यावं लागतं त्यांच्याकडे बघायची आपली नजर बदलायला हवी. "काय, जमलं नाही का तिकडे?" असं लग्नाच्या मांडवात विचारणाऱ्या मंडळींमुळे कित्येक पोरं नको त्या कंपनीत, नको त्या पगारावर, भीतीने अडकून राहतात. परत येणं हा पर्याय आहे, नापास होणं नव्हे. कर्ज आवाक्यातलं असेल तर तो पर्याय खरोखर उघडा राहतो. नाहीतर तो फक्त बोलायला.

खालच्या मजल्यावरची मुलगी रविवारी परत आली. एक्सेल शीट करून आणली होती, बरोबर बाबाही होते. तिची दुसरी एक ॲडमिशन आहे, नाव जरा कमी, फी बरीच कमी. अजून उत्तर कळवायची मुदत गेलेली नाही. काय ठरवतील माहीत नाही, तो त्यांचा प्रश्न. पण दोघं माझ्या टेबलाशी तास-दीड तास आकड्यांवरून भांडत होते, हे मला फार बरं वाटलं.

जाताना तिने परत विचारलं, "काका, कुकर नक्की तीनचाच ना?"

तीनचाच. आणि एक जास्तीची शिट्टी आणि रिंग ठेव, तिकडे पटकन मिळत नाही.